समाधान देणारे आणि घर चालवणारे काम कसे निवडावे

एखाद्या क्षेत्रात जायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. त्या क्षेत्रात पाच-सात वर्षे काम केलेल्या माणसाचा नेहमीचा दिवस कसा जातो, ही पहिली. आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात नेमके किती पैसे पडतात, ही दुसरी. बहुतेक घरांत या दोन्हींची माहिती नसतानाच निर्णय होतो. गुण किती पडले, मावसभावाने कोणती शाखा घेतली, कशाला ‘स्कोप’ आहे, यावर चर्चा रंगते आणि प्रवेश अर्जाची मुदत संपत आली की कोणत्या तरी अभ्यासक्रमाचे नाव भरले जाते. पदाचे नाव इतरांना दिसते, दिवसाचे आठ-नऊ तास मात्र आपल्यालाच काढायचे असतात. म्हणून काम आधी जवळून पाहावे, शक्य तितके करून पाहावे, पैशांचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच निवड करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे कसे करायचे, ते पुढे सांगितले आहे.

नाशिककरांना ही पद्धत वापरणे इतर अनेक शहरांच्या तुलनेत सोपे आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे दोन सरकारी छापखाने, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पोलीस अकादमी, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्या, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा आणि येवल्याचे पैठणीचे माग हे सगळे एकाच जिल्ह्यात आहे. सकाळच्या बसने निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरात इतक्या वेगवेगळ्या प्रकारचे काम पाहायला मिळणे ही मोठी सोय आहे, आणि आपल्याकडची मुले तिचा फारच कमी उपयोग करून घेतात.

आवडीचा प्रश्न कसा विचारावा

दहावीतल्या मुलाला ‘तुला काय आवडते’ असे विचारले तर तो शाळेतल्या विषयांपैकी एखाद्याचे नाव सांगतो, कारण त्याच्यापुढे तेवढेच आलेले असते. पण जीवशास्त्र आवडणे आणि रुग्णालयात रात्रपाळी करणे, किंवा गणित आवडणे आणि कर सल्लागाराच्या कार्यालयात रात्री उशिरापर्यंत पावत्या जुळवत बसणे, यांत बरेच अंतर आहे. विषय आवडतो म्हणून त्यावर आधारलेला व्यवसाय आवडेलच असे नाही. उलट शाळेत भौतिकशास्त्रात जेमतेम गुण मिळालेला मुलगा वायरिंगच्या आणि मोटार रिवाइंडिंगच्या कामात उत्तम रमलेला दिसतो.

त्यापेक्षा उपयोगी प्रश्न वेगळे आहेत. आपले मन यंत्रांत रमते, माणसांत रमते, आकड्यांत रमते की शब्दांत आणि चित्रांत? केलेल्या कामाचा परिणाम त्याच दिवशी दिसला तर बरे वाटते, की त्यासाठी दोन-तीन वर्षे थांबण्याची तयारी आहे? काम कोणी नेमून दिलेले चालते, की स्वतः ठरवलेलेच जमते? चिडलेल्या अनोळखी माणसाशी शांतपणे बोलता येते का? आणि या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, या कामातला कंटाळवाणा भाग मला सोसेल का? तसा भाग प्रत्येक व्यवसायात असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वकिलाला तारखेसाठी न्यायालयात तासन्‌तास थांबावे लागते, शिक्षकाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासावे लागतात आणि नोंदवह्या भराव्या लागतात, सॉफ्टवेअर अभियंत्याचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जातो, आणि परिचारिकेला दिलेल्या प्रत्येक औषधाची आणि घेतलेल्या प्रत्येक तापमानाची वेळेवर नोंद ठेवावी लागते. ज्या कामातला हा भाग आपल्याला फारसा जड जात नाही, त्या कामात माणूस टिकतो. टिकला की हाताला सफाई येते, लोक विश्वासाने जबाबदारी सोपवू लागतात, आणि माझ्या मते कामातल्या समाधानाचा सर्वांत मोठा वाटा या विश्वासातून मिळतो.

आवड नेहमी आधी असते आणि काम नंतर येते, असेही नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ 2012 मध्ये सैन्यात भरती झाले, तोवर रोइंग या होडी वल्हवण्याच्या खेळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तो त्यांना सैन्यात गेल्यावर मिळाला. पुढे 2016 मध्ये ते रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या चौघांच्या संघात होते. तेव्हा सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी ‘मला माझी आवड अजून कळलेली नाही’ म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, आणि पालकांनीही मुलामागे त्याचा तगादा लावू नये. कलचाचणी करून घ्यायला हरकत नाही. तिच्यातून बोलायला विषय मिळतो. मात्र तिच्या अहवालावर विसंबून चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडू नये.

काम जवळून पाहणे

दुरून डोंगर साजरे ही म्हण व्यवसायांना तंतोतंत लागू पडते. अंबडच्या एखाद्या लहान कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारे) यंत्र चालवणाऱ्या मुलाशेजारी एक पाळी उभे राहिले तर जे कळते ते कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात नसते. पाळी बदलताना तो आधीच्या ऑपरेटरकडून यंत्राची स्थिती समजून घेतो, यंत्राच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) पकडतो, प्रोग्राम लावतो आणि पहिला नग काढतो. नग पुसून मायक्रोमीटरने मोजला जातो. ड्रॉइंगमध्ये 25 मिलिमीटर व्यासाला अधिक-उणे 0.02 मिलिमीटर इतकीच सूट असेल आणि नग 25.03 निघाला असेल, तर तो टूलचा ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या जागेचे यंत्रात भरलेले माप, बदलतो, पुन्हा नग काढतो, पुन्हा मोजतो. पहिला नग तपासून मंजूर झाल्यावरच उत्पादन सुरू होते, आणि मग पुढचे कित्येक तास तोच जॉब आणि ठरावीक नगांनंतर तेच मोजमाप चालू राहते. कूलंटचा वास कपड्यांना राहतो आणि उभे राहून पाय भरून येतात. या मुलांपैकी इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) लवकर का झिजला, फिनिश कशाने बिघडली, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) कुठे वाचवता येईल याचा जो विचार करू लागतो, तो काही वर्षांत यंत्राची जुळणी करणारा सेटर होतो, प्रोग्रामिंग शिकतो, जॉब धरून ठेवणारी फिक्श्चर तयार करू लागतो आणि त्याला बोलावणारे कारखाने वाढत जातात. त्याच रांगेतला दुसरा मुलगा पाळी कधी संपते याची वाट पाहत असतो. आपण या दोघांपैकी कोण होण्याची शक्यता आहे, याचा अंदाज एवढ्या थोड्या वेळातही येऊ शकतो, आणि तो आला नाही तरी विचारायचे प्रश्न तरी नेमके होतात.

द्राक्षबागेचे वर्षही असेच पाहावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठीची गोडी छाटणी होते, आणि तिथून तोडणीपर्यंतचे चार-पाच महिने डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात. ढगाळ हवा आली की डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती, मग फवारण्या, घडांची विरळणी, मण्यांची फुगवण होण्यासाठी डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), मजुरांच्या टोळ्यांची जुळवाजुळव, आणि एवढे करून तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात. खर्च बारा महिने होतो आणि पैसा वर्षातून एकदा येतो. ज्या घरात बाग आहे त्या घरातल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. पण शेती सोडायची किंवा शेतीच करायची, एवढे दोनच मार्ग आहेत असे त्यांना वाटत राहते, ते मात्र खरे नाही. याच पिकाभोवती रोपवाटिका, माती आणि पान-देठ परीक्षणाच्या प्रयोगशाळा, पॅकहाउस, शीतगृहे, फळांवरील कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी, निर्यातीची कागदपत्रे, वाइन उद्योग आणि त्याला जोडून वाढलेले पर्यटन अशी कितीतरी कामे उभी आहेत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीत शेतीचे शिक्षण घेतलेल्यांबरोबर हिशेब, संगणक, गुणवत्ता नियंत्रण आणि वाहतूक सांभाळणारी माणसेही लागतात. मातीशी नाते ठेवून दरमहा पगार मिळवण्याचा हा मार्ग नाशिक जिल्ह्यातल्या मुलामुलींनी गंभीरपणे विचारात घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण पिकाची जी समज इथल्या मुलांना घरातच मिळते, ती बाहेरून आलेल्या माणसाला मिळवायला अनेक वर्षे लागतात.

अशी माणसे गाठायची कशी, असा प्रश्न पडतो. पहिली ओळख बहुधा नात्यात, सोसायटीत किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत निघते. ‘मला नोकरी हवी आहे’ असे न म्हणता ‘मला हे काम समजून घ्यायचे आहे, अर्धा तास द्याल का’ असे नम्रपणे विचारले तर बहुतेक माणसे आनंदाने बोलतात. प्रत्येक क्षेत्रातल्या किमान तिघांना भेटावे: एक नुकताच लागलेला, एक दहा-बारा वर्षे मुरलेला, आणि एक ते क्षेत्र सोडून गेलेला. सोडून गेलेल्या माणसाला कोणी भेटत नाही, पण ज्या गोष्टी इतर जण सांगायचे टाळतात त्या त्याच्याकडून कळतात. ‘या लाइनला स्कोप आहे का’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवाप्रमाणे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देतो आणि आपल्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केले, महिन्यातली सर्वांत नकोशी गोष्ट कोणती, तुमच्याबरोबर लागलेले लोक आज कुठे आहेत, पाचव्या वर्षी पगार किती होता, आणि पन्नाशीनंतर हे काम शरीराला झेपेल का, असे विचारावे. भेटीनंतर घरी येऊन त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

पाहण्याच्या पुढची पायरी म्हणजे करून पाहणे. सुट्टीत एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात, औषधाच्या दुकानात, छापखान्यात किंवा प्रयोगशाळेत महिनाभर मदतनीस म्हणून राहता येते; पैसे मिळाले नाहीत तरी चालतील, शिकायला मिळाले पाहिजे. आयटीआय, पदविका किंवा पदवी झालेल्यांना 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत आणि सार्वजनिक उपक्रमांत विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते. राज्य सरकारने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले गेले. अशी योजना चालू असेल तेव्हा तिच्याकडे कायमची नोकरी म्हणून न पाहता काम तपासून पाहण्याची संधी म्हणून पाहावे. ज्यांना शिक्षण आणि कमाई एकाच वेळी करणे भाग आहे, त्यांच्यासाठी 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच, गोवर्धनला आहे. तिथून घेतलेली पदवी स्पर्धा परीक्षांना आणि पुढच्या शिक्षणाला चालते, हे पुष्कळ घरांना अजूनही ठाऊक नसते.

पैशांचा हिशेब

सुरुवात पगारापासून करू नये, खर्चापासून करावी. आपल्या घरात सध्या महिन्याला किराणा, घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीज, गॅस, प्रवास, औषधे, शिक्षण आणि सणवार मिळून किती लागतात ते आईवडिलांसोबत बसून एकदा खरेखुरे लिहून काढावे. अनेक मुलांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत हा आकडा माहीत नसतो. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर हाच खर्च साधारण 12 वर्षांनी दुप्पट होतो. म्हणजे आज ज्या घराला 30,000 रुपये पुरतात, त्याच राहणीमानाला तेव्हा 60,000 लागतील. निवडलेल्या कामात मिळकत या वेगाने वाढते का, हे पहिल्या पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

त्यानंतर पगाराचा आकडा नीट वाचावा. कॅम्पस मुलाखतीत वर्षाला 3,60,000 रुपयांचे ‘पॅकेज’ मिळाले की घरात 30,000 रुपये महिना येणार असे समजले जाते. समजा त्यात मूळ वेतन 15,000 आहे. कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरत असलेले 1,800 रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी धरलेले सुमारे 720 रुपये याच 30,000 मध्ये मोजलेले असतात. कामगिरीवर अवलंबून असलेला 10 टक्के भाग, म्हणजे 3,000 रुपये, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळतात. उरलेल्यातून आपल्या वाट्याचे निधीचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 कापले गेले की हातात येतात ते सुमारे 22,500 रुपये. यात फसवणूक काही नाही, निधीत गेलेले पैसे आपलेच आहेत. पण घरभाडे आणि कर्जाचा हप्ता या 22,500 मधूनच द्यायचा आहे. नेमणूक पत्र हाती आले की प्रत्येक ओळ विचारून घ्यावी. विचारण्यात कमीपणा नाही.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत हे गणित आणखी काटेकोरपणे करावे लागते. 8 लाखांचे कर्ज 10 टक्के दराने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 13,300 रुपये बसतो, दहा वर्षांत फेडायचे तर साधारण 10,600; आणि शिक्षण चालू असताना साठलेले व्याज मुद्दलात मिळवले गेले तर हे आकडे वाढतात. वरच्या उदाहरणातल्या मुलाने हे कर्ज सात वर्षांसाठी घेतले असते तर त्याच्या हाती महिन्याला 9,200 रुपये राहिले असते. म्हणून खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांना गाठावे आणि नेहमीच्या मुलाला काय मिळाले ते विचारावे. सर्वांत मोठ्या पॅकेजचा फलक एका मुलाबद्दल सांगतो, बाकीच्या वर्गाबद्दल सांगत नाही. हातात पडणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हप्ता बसत असेल तर तो अभ्यासक्रम कितीही आवडीचा असला तरी स्वस्त मार्गाने गाठता येतो का ते आधी पाहावे. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला जाणे, किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम करून नोकरी धरणे आणि नंतर परिचर्येची पदवी पूर्ण करणे, असे मार्ग आपल्याकडे आहेत, आणि त्यात कमीपणा मानणे आपण सोडले पाहिजे.

कला, खेळ, लेखन, नाटक, स्वतःचा उद्योग अशा वाटांना मिळकतीची खात्री नसते, म्हणून त्या निवडूच नयेत असे मी म्हणणार नाही. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट 1913 मध्ये लोकांपुढे आणला, त्यासाठी स्वतःच्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या आणि पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. 1944 मध्ये नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे ओढाताणीत गेली. त्यांच्या धाडसापुढे नतमस्तक होतानाही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रण आणि छपाई ही लोक ज्यांचे पैसे देतात अशी कौशल्ये हस्तगत केली होती. दुसरी म्हणजे अशा धाडसाची झळ घरातल्या सर्वांना बसते, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय ते करू नये. किती रक्कम आणि किती वर्षे या वाटेवर लावायची हे सुरुवातीलाच ठरवून घरच्यांना सांगावे, तोवर जोडीला पोटापाण्याचे एक काम असावे, आणि ठरवलेली मर्यादा संपली की पुन्हा सगळ्यांनी मिळून विचार करावा.

नोकरीची शाश्वती कशात असते

आपल्याकडे कायम नोकरी म्हणजे सुरक्षितता असे समीकरण पक्के बसले आहे. नाशिकमधल्या ज्या संस्था कायमच्या म्हणून ओळखल्या जातात त्यांच्याकडेच जरा बारकाईने पाहावे. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाची सुरुवात 1920 च्या दशकात टपाल तिकिटे आणि मुद्रांकांच्या छपाईने झाली. आज तिथे चिप बसवलेले ई-पासपोर्ट तयार होतात. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई तयार झाली, आणि 2025 मध्ये तिथेच बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-1ए विमानाने उड्डाण केले. संस्था तीच राहिली तरी हातातले काम पूर्ण बदलले. खासगी कारखान्यांत हा बदल आणखी वेगाने होतो. डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्यांना विजेवरच्या गाड्यांचा विचार आजच करावा लागत आहे.

म्हणून एखादे कौशल्य निवडताना ते विकत घेणारे किती जण आहेत हे पाहावे. महिनाभर वर्तमानपत्रांतल्या आणि नोकरीच्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती वाचून आपण शिकू पाहत असलेल्या कामासाठी नाशिकमध्ये किती वेगवेगळ्या संस्थांनी माणसे मागितली त्याची यादी करावी. एकाच मालकाला उपयोगी पडणारे काम पगार कितीही चांगला असला तरी जोखमीचे असते. विद्युत देखभाल, गुणवत्ता तपासणी, हिशेब आणि जीएसटी, परिचर्या, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्र, शीतकरण यंत्रांची दुरुस्ती ही कामे कारखान्यात, रुग्णालयात, हॉटेलात, शीतगृहात अशी अनेक ठिकाणी लागतात.

स्पर्धा परीक्षांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण नाशिकच्या अभ्यासिकांत तरुणपणाची सर्वांत उमेदीची वर्षे घालवणारी मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी 32 वर्षे आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे. ही मर्यादा जितकी सैल, तितके ‘अजून एक प्रयत्न’ म्हणणे सोपे जाते. तयारीत उतरण्यापूर्वीच आपली स्वतःची मुदत ठरवून ती लेखी स्वरूपात घरी द्यावी. पूर्व परीक्षा कोणत्या वर्षापर्यंत पार झाली पाहिजे, मुख्य परीक्षेत किती प्रयत्नांनंतर थांबायचे, हे त्यात असावे. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे लेखनाचा सराव नसलेल्यांनी पूर्वीच्या अंदाजावर विसंबू नये. आणि तयारीच्या काळात अर्धवेळ शिकवणी, ग्रंथालयातले काम, बँकिंग किंवा विम्याच्या परीक्षा असे काहीतरी चालू ठेवावे, म्हणजे आत्मविश्वास टिकतो आणि वय वाढले तरी अनुभवाचा रकाना कोरा राहत नाही.

नाशिकमध्ये राहावे की पुण्या-मुंबईला जावे

सॉफ्टवेअर, वित्त किंवा माध्यमांत काम करायचे असेल तर पहिली काही वर्षे पुण्यात किंवा मुंबईत काढणे बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण शिकवणारी माणसे आणि बदलता येणाऱ्या नोकऱ्या तिथे अधिक आहेत. मात्र दोन्हीकडच्या पगारांची तुलना करताना खोलीचे भाडे, मेस, प्रवास आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचा खर्च वजा करून उरलेली रक्कम तुलनेला घ्यावी. पुण्यात 8,000 रुपये जास्त मिळत असतील आणि तेवढेच खर्च होत असतील, तर तिथे जाण्याचे कारण शिकणे हेच असायला हवे. यंत्रोद्योग, विद्युत उपकरणे, शेतीमाल प्रक्रिया आणि आरोग्यसेवा यांसाठी मात्र नाशिक सोडण्याची घाई करू नये.

घरातली चर्चा

आईवडिलांचा विरोध बहुतेक वेळा त्या क्षेत्राला नसतो, त्यामागे भीती असते. आणि ‘मला हेच करायचे आहे’ एवढेच सांगितल्याने भीती जात नाही. भेटलेल्या तीन माणसांची टिपणे, खर्चाचा कागद, कर्जाचा हप्ता आणि जमले नाही तर काय करणार याचे उत्तर असे सगळे घेऊन बसावे. पालकांनीही एकच काम करावे: निर्णय सांगण्यापूर्वी तो कागद पूर्ण वाचावा.

मुलींच्या बाबतीत अनेक घरांत ‘लग्नानंतर पाहू’ असे म्हणून शिक्षणाचा किंवा नोकरीचा प्रश्न लांबवला जातो, आणि हे मला फार चुकीचे वाटते. मुलीने स्वतःच्या बळावर घर चालवता येईल असेच काम निवडावे आणि तिच्या हिशेबाच्या कागदावर सासरच्या मिळकतीचा आकडा असू नये. कामाच्या वेळा, रात्रपाळीनंतर घरी सोडणारी बस, बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बायकांना तिथे खरोखर घेतले जाते का, हे प्रश्न त्या ठिकाणी आधीच काम करणाऱ्या बायकांना विचारावेत; मनुष्यबळ विभागाच्या उत्तरापेक्षा त्यांचे उत्तर अधिक भरवशाचे असते.

काम सुरू झाल्यावर

पहिले सहा महिने कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण नवेपणाचा ताण आणि कामाचा कंटाळा यांतला फरक तेवढ्यात कळत नाही. दोन वर्षांनी मात्र जुनी वही उघडून स्वतःला विचारावे की या काळात आपण काय नवे शिकलो, ते इतर कुठे चालेल का, आणि रविवारी संध्याकाळी उद्याच्या कामाचा विचार आला की मनाला कसे वाटते. दरम्यान सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात बाजूला पडली पाहिजे आणि कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीच्या विम्याव्यतिरिक्त वेगळा असला पाहिजे. ही रक्कम हाताशी असली की न पटणारे काम सोडताना दुसरे मिळेल ते पत्करावे लागत नाही.

नोकरी बदलायची ठरली तर राजीनामा देण्यापूर्वी नव्या ठिकाणचे नेमणूक पत्र हातात असावे, आणि नोटीस कालावधी व बाँडच्या अटी पुन्हा वाचाव्यात. भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून मोकळे होण्याचा मोह टाळून ती त्याच यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या निधी-सदस्य) क्रमांकाखाली नव्या खात्यात वळवून घ्यावी. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या 10 वर्षांच्या सेवेत आधीच्या नोकरीची वर्षे मोजली जावीत यासाठी ती सेवाही नव्या खात्याला जोडलेली असावी लागते.